आईवर गेलेली

"हलू नकोस. हनुवटी वर कर. अजून. आता खिडकीकडं बघ."

निमामावशीनं माझी हनुवटी दोन बोटांत पकडली आणि मंडईत वांगं फिरवून बघावं तसा माझा चेहरा उजेडात इकडून तिकडे फिरवला. सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बाहेर हॉलमध्ये आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा सुरू व्हायचा होता. माझ्या पदरावर चौसष्ट नंबरचा बिल्ला टोचलेला होता. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. नाव स्टेजवर गेल्यावर माइकवरून स्वतःच सांगायचं, शिक्षण सांगायचं, उंची सांगायची, अपेक्षा सांगायच्या आणि हसत खाली उतरायचं.

"ट्यूब लागलीय की डोक्यावर. खिडकी कशाला पाहिजे?" मी म्हटलं.

"ट्यूबखाली शेड निवडली आणि उजेडात गेलीस, की तोंड एकीकडं आणि रंग एकीकडं. कोर्समध्ये पहिलं हेच शिकवलंय आम्हाला."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. नुकतीच पुण्याला कोर्स करून आली होती आणि तेव्हापासून पलूसमधल्या तिच्या पार्लरच्या पाटीवर तिच्या नावापुढं 'मेकअप आर्टिस्ट' आलं होतं. तिनं माझ्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, तीन तपकिरी रेघा ओढल्या आणि मागं सरून डोळे बारीक केले.

"पहिली नको. तांबूस मारतीय. ही लावली की गालाला चिखल लागल्यासारखं दिसतं. शिकाऊ असताना तासगावच्या एका मुलीला लावली होती, फोटोत बिचारीला कल्ले आल्यासारखे दिसले. दुसरी फार गडद. ही तिसरी बघ ताई. लाल नाही, चमक नाही. हिच्या रंगापेक्षा दोनच पायऱ्या खाली. सावली पडते ना, तशी राखाडी."

आई पर्स मांडीवर घट्ट धरून शेजारी बसली होती. तिनं वाकून माझ्या जबड्याकडं बघितलं. "कळणार नाही ना पण?"

"कळलं तर पार्लर बंद करते उद्यापासून. सावली देऊन चेहरा निमुळता केलाय, काँटूर केलंय असं वाटलंच नाही पाहिजे. एकदम नॅचरल."

या शब्दाचा मला तेव्हापासून जो राग आहे तो आजतागायत गेलेला नाही. निसर्गानं जे दिलं ते झाकायचं, त्याच्यावर क्रीम, क्रीमवर पावडर, पावडरवर फवारा, आणि त्याचं नाव नॅचरल.

मावशी मात्र तल्लीन झाली होती. ब्रश कानापासून ओठाच्या कोपऱ्याकडं ओढायची, पण अर्ध्यावरच थांबायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ. कपाळाच्या कडेला थोडं. सगळ्यात जास्त मेहनत जबड्यावर. "हे दोन कोपरे मागं ढकलले की झालं," ती पुटपुटत होती. मग ओला स्पंज घेऊन ती रेघांच्या कडा थोपटत बसली, कारण कड दिसली की सगळं मुसळ केरात. आरसा हातात दिला तेव्हा त्यात एक निमुळत्या चेहऱ्याची, सरळ नाकाची, बरीच सुंदर मुलगी बसली होती. मी भुवई उचलली, तिनंही उचलली. कोण बाई ही, असं मनात आलं. पण खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ती आवडलीसुद्धा.

माझा चेहरा आप्पांचा. रुंद कपाळ, बसकं नाक आणि कानाखाली दोन्हीकडं काटकोनात वळलेला जबडा. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. लहानपणी मी एकदा बसस्टँडवर हरवले होते, तेव्हा कंट्रोलरनं मला नाव न विचारता, माझ्या तोंडाकडं एकदाच बघून, थेट वर्कशॉपमध्ये नेऊन आप्पांच्या पुढं उभं केलं होतं. आप्पा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे. माझं लग्नाचं बघायला लागल्यापासून सांगायचे बंद झाले.

कारण थोरवे.

दीड वर्षापूर्वी कराडचे थोरवे मला बघायला आमच्या घरी आले होते. आई, वडील, मुलगा आणि मध्यस्थ. मुलाचं नाव धैर्यशील. गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा त्यानं पगार किती, स्वयंपाक येतो का असलं काहीच विचारलं नाही. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या पोपटांकडं बघत त्यानं विचारलं, "हे रोज येतात का?" मग आम्ही पोपटांवर, कॉलेजवर, त्याच्या नव्या नोकरीवर इतकं बोललो की खालून दोनदा हाक आली. जिना उतरताना तो म्हणाला, "तुम्ही हसता छान." मला तो आवडला होता. हे सांगतानाही मला स्वतःवर चिडायला होतं, पण आवडला होता.

खाली त्याच्या आईनं पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. आप्पांनी स्वतः उठून वाढले. जाताना बाई म्हणाल्या, "फारच मोकळी माणसं आहात हो." आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, पण चेहरा फार पसरट आहे, फोटोत खुलणार नाही, असं पाहुण्यांचं म्हणणं पडलं. फोन आप्पांनीच घेतला होता. मग मोरीत जाऊन त्यांनी दाढी केली, भर दुपारी.

त्यानंतर अजून काही स्थळं आली आणि गेली. मी अठ्ठावीसची झाले. मेळाव्याला चल म्हणून आई हात धुवून मागं लागली. "ह्या खेपेला निमा तुला जरा नीट करून देईल," असं ती म्हणाली होती. नीट, म्हणजे आत्तापर्यंत मी मोडकीच होते.

हॉलमध्ये आलो तर आप्पा एका खांबापाशी उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मेळाव्याची पुस्तिका. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"ह्या कोण पाहुण्या?" ते हसत म्हणाले.

"आप्पा, पुरे हं."

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "चांगलं केलंय की निमा." आणि मग उगीचच पंख्याकडं बघायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "चौसष्ट नंबर तुमचाच का हो?"

वळले तर थोरवेबाई. तोच जरीचा काठ, तोच कानातला झुबका, तेच तोंडभर हसू. मागं नवरा, आणि त्याच्यामागं मोबाइलमध्ये डोकं घालून धैर्यशील. आता ओळखतील, आता तोंड फिरवतील, असं वाटलं. आईनं माझा दंड पकडला.

थोरवेबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबल्या. "आम्ही मघापासून तुमच्याच मुलीकडं बघतोय," त्या आईला म्हणाल्या. "काय रेखीव चेहरा आहे. आणि मेकअपचा थर नाही बरं का, नाहीतर बाकीच्यांचं बघा! आडनाव काय आपलं?"

"खराडे," आई म्हणाली.

"कुठले?"

"पलूसचे."

"अगंबाई! पलूसला आम्ही आलो होतो की एकदा, मुलगी बघायला. तेही खराडेच होते वाटतं. हो ना हो?" नवऱ्यानं मान हलवली. "नाही जमलं ते. माणसं बरी होती, पण मुलगी अगदीच…" आणि बाईंनी दोन्ही तळहात आपल्या गालांपासून बाजूला नेले, टोपलं उचलल्यासारखे. "तुमच्यातलेच कुणी असतील, नाही का?"

मी आप्पांकडं बघितलं. आता हे बोलतील, असं मला वाटलं. वर्कशॉपमध्ये कुणी चुकीचा नट लावला तर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडणारे माझे आप्पा.

"असतील, असतील," आप्पा म्हणाले. "खराडे पुष्कळ आहेत आमच्यात."

बाईंनी आता आप्पांकडं नीट बघितलं. ज्या माणसानं त्यांच्या ताटलीत स्वतःच्या हातानं पोहे वाढले होते, त्याला त्या जणू पहिल्यांदा बघत होत्या. मग माझ्याकडं बघितलं आणि खुदकन हसल्या. "मुलगी तुमच्यावर नाही गेली, बरं झालं हो! रागावू नका, गंमत करते."

आणि आप्पाही हसले. माझे आप्पा, त्यांचा तो रुंद जबडा हलवत, चांगले खळखळून हसले.

"नाही, नाही," ते म्हणाले. "आईवर गेलीय ती."

त्या क्षणी माझ्या कानात जे सुरू झालं ते वर्णन करून सांगता येणार नाही. राग मला पुष्कळदा येतो, घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तो राग वेगळा होता. थोरवेबाईचा राग तर होताच. पण आप्पांचा जास्त आला. एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःचं तोंड असं चारचौघांत टाकून द्यावं, आणि ते माझ्यासाठी!

धैर्यशीलनं मोबाइलमधून डोकं वर काढलं होतं. तो माझ्याकडं बघत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. मला लगेच कळलं, यानं ओळखलंय. त्यानं डोकं पुन्हा मोबाइलमध्ये घातलं.

बाईंनी आईचा फोन नंबर घेतला, जेवताना बोलू म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. मी आईला आणि मावशीला ओढत हात धुवायच्या जागेपाशी नेलं.

"आई, ते थोरवे आहेत."

"मला डोळे आहेत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांना आठवत नाही तर आपण कशाला आठवण करून द्यायची? आणि तुला आवडला होता ना तो? रात्रभर रडली होतीस. मला काय कळत नाही होय?"

हे खरं होतं, म्हणून मला अजूनच राग आला. "लग्न झाल्यावर सकाळी उठून मी तोंड धुवायचं नाही का?"

"एकदा लग्न झालं की कोण कुणाचं तोंड मोजत बसतंय."

"मी शिकवते की तुला," मावशी मध्ये पडली. तिला खरंच माझं भलं करायचं होतं. "शेड तर आता सापडलीय. दहा मिनिटांचं काम आहे. त्यांच्याआधी उठायचं, उरकायचं. सवय झाली की डोळे झाकून करशील."

त्यांच्याआधी उठायचं. मी डोळ्यांपुढं आणलं. रोज अंधारात उठायचं, कराडच्या कुठल्यातरी न्हाणीघरात ट्यूबखाली उभं राहायचं आणि आप्पांचा जबडा मागं ढकलायचा. दिवाळीला माहेरी यायचं तर आप्पांशेजारी उभं राहायचं नाही, कुणी फोटो काढला तर. पोर झालं आणि तेही रुंद निघालं तर काय, त्यालाही ब्रश लावायचा?

"मला धुवायचंय हे," मी म्हटलं आणि नळ सोडला.

"धू की," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमानच होता. "पाण्यानं नाही जायचं. घामानं नाही, पाण्यानं नाही. लग्नाच्या मांडवासाठीच असतंय ते."

खरंच गेलं नाही. साबणाची झिजलेली वडी होती, ती घेऊन घासलं. पाणी चेहऱ्यावरून थेंब थेंब होऊन घरंगळलं आणि खालची ती रेखीव बया जशीच्या तशी. बाहेर माइकवरून छप्पन्न नंबर पुकारला. आई म्हणाली, "रेणू, तमाशा करू नकोस, तुझ्या पाया पडते." मी तिचा हात सोडवला आणि समोर जो दरवाजा दिसला त्यातून आत घुसले.

ते स्वयंपाकघर होतं. मोठ्या कढईत पुऱ्या तळायचं काम चाललं होतं. भरजरी साडीतली मुलगी ओल्या तोंडानं आत आलेली बघून झारा धरलेल्या बाई थबकल्या.

"तेल द्या थोडं," मी म्हटलं.

"कशाला?"

"तोंडाला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या बिल्ल्याकडं बघितलं. "ह्यातलं नको बाई, भाजशील. ती पिशवी फोडलेली हाय बघ, त्यातलं घे. पदर सांभाळ."

मी ओंजळभर शेंगतेल घेतलं आणि तोंडाला फासलं. दोन्ही हातांनी, कपाळापासून गळ्यापर्यंत, जोर लावून. निघालं! बोटांवर तपकिरी राड यायला लागली. ती सुरेख राखाडी सावली, खिडकीच्या उजेडात निवडलेली, दोन पायऱ्या खालची, सगळी मी जेवणाच्या पंगतीचे कागदी रुमाल घेऊन पुसून काढत होते आणि एकेक बोळा कोपऱ्यातल्या डब्यात फेकत होते. पुऱ्यावाल्या बाई मध्येच म्हणाल्या, "नाकाशेजारी राहिलं." एक अख्खा गठ्ठा संपला.

"नंबर चौसष्ट!" बाहेरून आवाज आला. "चौसष्ट नंबर, कृपया स्टेजवर या."

मी गेले. स्टेजच्या तीन पायऱ्या चढले तेव्हा तोंड तेलानं नुसतं तुकतुकत होतं आणि काठाजवळ साडीवर डाग पडले होते. सूत्रसंचालन करायला भोईटे सर होते, रिटायर हेडमास्तर. त्यांनी माइक पुढं केला आणि मला बघून थोडा मागं घेतला.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी रेणुका खराडे. राहणार पलूस. शिक्षण एम. कॉम. उंची पाच फूट दोन इंच."

पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. थोरवेबाई अर्धवट उठल्या होत्या. "अहो सर," त्यांचा आवाज माइकशिवायही हॉलभर गेला, "ही चौसष्ट नव्हे. चौसष्ट नंबर आम्ही बघितलाय मघाशी. ती मुलगी वेगळी आहे."

"तीच आहे मी," मी म्हटलं.

"छे! काहीतरीच काय. ती रेखीव होती."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. भोईटे सरांनी चष्मा सारखा केला आणि शाळेतला आवाज काढला. "हे बघा बाई, बिल्ल्यांची अदलाबदल चालणार नाही. मागच्या वर्षी असल्या प्रकारानं फार मनस्ताप झाला होता मंडळाला. तुम्ही नक्की कुणाच्या? पालक आलेत का बरोबर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. मुद्दामच बसले. मला बघायचं होतं. खांबापाशी आप्पा उभे होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. इतक्या रागानं मी त्यांच्याकडं कधीच बघितलं नव्हतं. करा आता, म्हणा पुन्हा, खराडे पुष्कळ आहेत म्हणून.

"कुणाची मुलगी आहे ही?" भोईटे सरांनी माइकवरून विचारलं. "पालक असतील तर त्यांनी पुढं यावं."

आईनं पदर तोंडाला लावला होता. आप्पा हलले नाहीत. मग त्यांनी खिशातली पुस्तिका काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि ते मधल्या वाटेनं चालत पुढं आले. अगदी पुढं, स्टेजच्या खाली, जिथं उजेड चांगला होता तिथं. माझ्याकडं पाठ करून ते लोकांकडं तोंड करून उभे राहिले.

"माझी आहे," ते म्हणाले. वर्कशॉपातला आवाज होता तो, अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा. "इचारता काय? बघा की तोंडाकडं. माझ्या बघा, मग तिच्या बघा."

लोकांनी बघितलं. शेकडो लोकांनी आधी खाली बघितलं, मग वर बघितलं. कुणीतरी मागून "हो की!" म्हणालं आणि एक हसू पसरलं, पण ते वाईट हसू नव्हतं. भोईटे सरांनी घसा साफ केला. "ठीक आहे, ठीक आहे. खात्री पटली. गैरसमज झाला. पुढं बोला बाई. अपेक्षा सांगा."

अपेक्षा मी घरी पाठ करून आले होते. निर्व्यसनी, सुशिक्षित, समजूतदार वगैरे. त्यातलं एक अक्षर तोंडात आलं नाही.

"अपेक्षा एकच," मी म्हटलं. "घरी येऊन दोनदा पोहे खाल्ले तर वाढणाऱ्या माणसाचं तोंड तरी लक्षात ठेवावं."

आता मात्र हॉल हसला. थोरवेबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. त्या नवऱ्याकडं वळल्या, मग आप्पांकडं. "म्हणजे… ते पलूसचे… तुम्हीच की काय?"

"आम्हीच," आप्पा म्हणाले. "असतील म्हटलं न्हाई का मघाशी? ते आम्हीच."

"मग आधी सांगायचं तरी! लोकांना असं फसवायचं म्हणजे…"

"फसवलंच," आप्पा म्हणाले. "चूक झाली आमची. आता बघून घ्या नीट, फुकट आहे."

मी माइक सरांच्या हातात दिला आणि खाली उतरले. पासष्ट नंबरची मुलगी पायरीशी उभी होती. तिच्या गालांवरची तांबूस शेड चुकली होती, कड स्पष्ट दिसत होती. माझ्याकडं बघून तिनं घाईघाईनं बोटानं ती पुसायचा प्रयत्न केला.

मावशी माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. पुढं दोन महिने बोलली नाही. आणि मग एके दिवशी म्हणाली की तुला रंगाची नजर आहे, दुपारची रिकामी असशील तर पार्लरला येत जा. आज ते पार्लर मीच चालवते. काँटूर उत्तम करते. खिडकीतच बसवते, जबड्याखालीच तीन रेघा ओढते, तांबूस शेड दुकानात ठेवतच नाही. ज्या मुलीला हौस आहे तिला हवं ते करून देते. पण कुणी आई पोरीला पुढं ढकलून "हिचं नाक जरा बारीक करा, उद्या पाहुणे येणार आहेत," असं म्हणाली की माझं डोकं अजून तितकंच फिरतं. मग त्या आईला माझ्याकडून चार शब्द ऐकावे लागतात. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

पण ते पुढचं. त्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये मी एका कोपऱ्यात उभी होते तेव्हा धैर्यशील आला. एकटाच.

"मी तुम्हाला ओळखलं होतं," तो हळूच म्हणाला. "मघाशीच. तुमचे वडील हसले तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"आई होती ना समोर." तो पायाकडं बघत होता. "आणि म्हटलं, आता तिला आवडलाच आहात, तर कशाला… झालं असतं की सगळं व्यवस्थित."

गच्चीवरचे पोपट आठवले. दीड वर्ष मी या माणसासाठी मनात एक कोपरा झाडून ठेवला होता. वाटायचं, आईबापानं नाही म्हटलं असेल, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. बिचारा!

"माझे वडील तुमच्यासमोर स्वतःच्या तोंडाला नाही म्हणाले," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मोबाइल बघत होतात."

"मी समजावतो आईला. थोडा वेळ द्या."

"नको. जावा तुम्ही. पुऱ्या गरम आहेत, दोनदा घ्या."

तो गेला. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. एवढं सगळं केलं, बोलले, जिंकलेसुद्धा असं लोक नंतर म्हणाले, पण मला जिंकल्यासारखं काहीएक वाटत नव्हतं. नुसता राग होता, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"रेणू."

आप्पा होते. हातात ताट नव्हतं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, जमत नव्हतं. "मघाशी मी हसलो ते…" त्यांनी सुरुवात केली.

"राहू दे आप्पा."

"न्हाई, मला वाटलं, तुझं जमत असंल तर माझं काय, तोंडच तर हाय…"

"राहू दे म्हटलं ना!" मी ओरडलेच. शेजारचे लोक वळून बघायला लागले.

आप्पा माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पँटच्या खिशातून रुमाल काढला. आई तो कितीही धुवो, त्याला वर्कशॉपच्या ग्रीसचा वास यायचाच. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली.

"इथं राहिलंय अजून," ते म्हणाले आणि कानाखाली, जिथं जबडा वळतो तिथं, रुमालानं घासायला लागले. मला रडू फुटलं.

"लागलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मग रडतीस कशाला?"

"रागानं."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "मलाबी आलाय." आणि त्यांनी दुसऱ्या बाजूचा जबडा पुसायला घेतला.